पाठ दुखली म्हणजे प्रत्येक वेळी 'गादीच सरकली' असं नसतं! मणक्याच्या नळीतले दुर्मिळ आजार एमआरआयमध्ये कसे दिसतात?

वडवणी : साखर कारखान्यांचा पट्टा पडला की ऊसतोड मजूर गावाकडं परततात. पाच-सहा महिने कोयता चालवून, मोळ्या डोक्यावर वाहून, गाड्या भरून आलेल्या माणसांची कंबर-पाठ दुखतेच. मग दवाखान्यात, मेडिकलवर किंवा चोळणाऱ्याकडं एकच वाक्य कानावर पडतं, 'मणक्यात गॅप पडलाय' नाहीतर 'गादी सरकलीय'. बहुतेकांच्या बाबतीत दुखणं खरोखरच कष्टाचं असतं. थोडा आराम, गोळ्या आणि व्यायाम यांनी चार-सहा आठवड्यांत ते उतरतं.

पण थोड्या लोकांच्या पाठदुखीमागं वेगळंच कारण असतं. मणक्याच्या नळीत पू साचलेला असतो, रक्त गोठलेलं असतं, चरबी वाढलेली असते किंवा गाठ तयार झालेली असते. अशा रुग्णाचे दोन महिने गोळ्या-सुया आणि चोळण्यात गेले तर पाय कायमचे जाऊ शकतात. तोच आजार वेळेत सापडला तर अनेक जण पुन्हा चालते होतात. हे दुखणं सापडवण्याचं आजचं सगळ्यात भरवशाचं साधन म्हणजे एमआरआय. हे मशीन नेमकं काय पाहतं, रिपोर्टातल्या शब्दांचा अर्थ काय आणि तालुक्यातल्या माणसानं कधी थांबू नये, याची ही माहिती.

बोअरवेलसारखी रचना

मणक्याच्या नळीची रचना समजायला बोअरवेल डोळ्यासमोर आणावी. जमिनीत पाडलेलं भोक म्हणजे मणक्यांची हाडाची नळी. त्यात उतरवलेला केसिंग पाइप म्हणजे मज्जारज्जूभोवतीचं जाड आवरण, त्याला डॉक्टर 'ड्युरा' म्हणतात. केसिंगच्या आत पाणी असतं, तसं या आवरणाच्या आत मेंदूकडून येणारं स्वच्छ पाणी असतं. त्या पाण्यात लोंबणारी केबल म्हणजे मज्जारज्जू. पाय हलवण्याचा, लघवी रोखण्याचा, चटका कळण्याचा सगळा करंट याच केबलमधून जातो.

आता केसिंगच्या बाहेर आणि भोकाच्या भिंतीच्या आत जी थोडी मोकळी जागा राहते, तिथं बोअरला आपण खडी भरतो. मणक्यात त्या जागेत मऊ चरबी आणि बारीक शिरांचं जाळं असतं. हीच 'एपिड्युरल' जागा. ती कवटीच्या तळापासून माकडहाडापर्यंत सलग आहे. त्यामुळं तिथं साचलेला पू किंवा रक्त एका मणक्यापुरतं न राहता वर-खाली पसरू शकतं. भोकाची भिंत हाडाची असल्यानं बाहेर फुगायला जागा नाही. जे काही वाढतं ते केसिंगला आत दाबतं आणि शेवटी केबल चेंगरते.

या जागेत सगळ्यात जास्त वेळा सापडतो तो गादीचा बाहेर आलेला तुकडा. दुसरं नेहमीचं कारण म्हणजे स्तन, प्रोस्टेट, फुप्फुस अशा अवयवांच्या कॅन्सरचं मणक्यात पसरणं. या दोन्हींपलीकडची कारणं कमी दिसतात, म्हणूनच ती पटकन कुणाच्या डोक्यात येत नाहीत.

एक्स-रे साफ असला तरी?

एक्स-रेमध्ये हाड दिसतं. मज्जारज्जू, पू, चरबी, आवरण यातलं काही नीट दिसत नाही. हाडाचाही बराचसा भाग, साधारण तिसरा हिस्सा ते निम्मा, झिजल्याशिवाय एक्स-रेवर फरक कळत नाही. त्यामुळं 'फोटोत काही निघालं नाही' याचा अर्थ 'आत काही नाही' असा होत नाही.

शंभर वर्षांपूर्वी मज्जारज्जूवरचा दाब शोधायचा तर पाठीत सुई घालून तेलकट औषध सोडावं लागे आणि ते कुठं अडतं ते एक्स-रेवर पाहावं लागे. १९२०च्या दशकात फ्रान्समध्ये सिकार आणि फॉरेस्टिए या डॉक्टरांनी ही पद्धत रूढ केली. पुढं औषधं बदलली, सीटी स्कॅन आला, तरी पाठीत सुई टोचणं काही टळलं नाही. एमआरआयनं ते टाळलं. या शोधाबद्दल पॉल लॉटरबर आणि पीटर मॅन्सफिल्ड यांना २००३ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं.

एमआरआयमध्ये एक्स-रेची किरणं नसतात. मोठं चुंबक असतं. नेहमीच्या मशीनची ताकद १.५ टेस्ला असते, म्हणजे पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या जवळपास तीस हजार पट. शरीरातलं पाणी आणि चरबी या दोन्हींत हायड्रोजन असतो. चुंबकात हायड्रोजनचे कण एका रांगेत येतात, रेडिओ लहरींनी त्यांना धक्का दिला जातो आणि ते पूर्वीच्या जागी येताना बारीक संकेत सोडतात. पाण्यातला हायड्रोजन वेगळ्या गतीनं परततो, चरबीतला वेगळ्या. या फरकातूनच चित्र तयार होतं.

म्हणून एकाच मणक्याचे अनेक प्रकारचे फोटो काढतात. 'टी-१' फोटोत चरबी पांढरी आणि पाणी काळं दिसतं. 'टी-२' फोटोत पाणी पांढरं दिसतं. 'स्टर' नावाच्या फोटोत चरबी मुद्दाम काळी केली जाते, त्यामुळं सूज किंवा पू असलेली जागा अंधारातल्या दिव्यासारखी उठून दिसते. गरज पडली तर शिरेतून 'गॅडोलिनियम'चं औषध देतात. रक्तपुरवठा असलेला भाग ते औषध शोषतो आणि चमकतो. पुवाची फक्त कड चमकते, मधला पू काळाच राहतो. गाठ असेल तर ती बहुधा सगळीच चमकते.

केसिंगच्या आत की बाहेर?

तपासणाऱ्या डॉक्टरांचा पहिला प्रश्न असतो, दाबणारी वस्तू आवरणाच्या आत आहे की बाहेर? बाहेर असेल तर आवरणाची काळी रेघ आत ढकललेली दिसते. आतली पाण्याची पांढरी पट्टी त्या ठिकाणी अरुंद होत जाते. गाठीच्या वरच्या आणि खालच्या टोकाला नेहमीच्या चरबीची टोपी घातल्यासारखी दिसते. एवढ्या खुणा मिळाल्या की वस्तू एपिड्युरल जागेतली आहे हे बऱ्यापैकी ठरतं. मग ती पुढून आलीय की मागून, किती मणक्यांपर्यंत लांब आहे, शेजारचं हाड खराब आहे की शाबूत, हे पाहून तिचं नाव शोधलं जातं.

पू : टीबीचा आणि साधाही

टीबी म्हणजे फक्त खोकला, हा समज आजही गावोगाव आहे. जगातल्या टीबीच्या एकूण रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश रुग्ण भारतात आहेत. हाडांना होणाऱ्या टीबीपैकी जवळपास निम्मा मणक्यात होतो. १७७९ साली इंग्लंडमधल्या पर्सिव्हल पॉट या सर्जननं पाठीला कुबड आणि पायांतली ताकद जाणं यांचा संबंध लिहून ठेवला, म्हणून मणक्याच्या टीबीला 'पॉट्स स्पाइन' म्हणतात. रिपोर्टवर हाच शब्द असतो.

एमआरआयमध्ये शेजारशेजारचे दोन मणके आणि मधली गादी खराब दिसते. पू हाडातून एपिड्युरल जागेत उतरलेला असतो, बऱ्याचदा मणक्याच्या दोन्ही बाजूंनाही पुवाच्या पिशव्या असतात. हा आजार हळू चालतो. खोकला नसतो, ताप कधी असतो कधी नसतो. संध्याकाळची कणकण, वजन घटणं, भूक मरणं आणि रात्री पाठ ठणकणं या त्याच्या खुणा. काही रुग्णांत एक जागा सोडून दूरच्या मणक्यातही आजार असतो, म्हणून टीबीचा संशय आला की संपूर्ण मणक्याचा निदान एक उभा फोटो काढणं फायद्याचं असतं.

साध्या जंतूंचा पू मात्र वेगानं वाढतो. त्यात स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जंतू सगळ्यात जास्त सापडतो. मधुमेह, गळू, किडनीचा आजार, शरीरात कुठंतरी चिघळलेली जखम, अस्वच्छ सुई यातून जंतू रक्तात जातात आणि मणक्यात उतरतात. आधी एका ठिकाणी पाठ दुखते, मग कळ पायात किंवा बरगड्यांकडं धावते, मग ताकद कमी होते आणि शेवटी पाय निकामी होतात. पहिल्या दोन पायऱ्यांना दिवस लागतील, पण ताकद कमी व्हायला लागल्यावर शेवटची पायरी काही तासांतही येऊ शकते. पाठदुखी, ताप आणि पायांत अशक्तपणा ही तिन्ही लक्षणं एकत्र दिसेपर्यंत वाट पाहिली तर उशीर झालेला असतो.

जनावरांकडून येणारे दोन आजार

घराघरांत शेळ्या, गाई, म्हशी असलेल्या भागात आणखी दोन कारणं लक्षात ठेवावी लागतात. पहिलं ब्रुसेला. गाय किंवा शेळी गाभडली, तिचा वार हातानं काढला किंवा कच्चं दूध पिण्यात आलं, तर हा जंतू माणसात येतो. येऊन-जाऊन ताप, भरपूर घाम आणि सांधेदुखी चालू राहते. पुढं तो कंबरेच्या मणक्यात बसतो. एमआरआयमध्ये हे चित्र टीबीसारखंच वाटतं, पण हाडाचा आकार बराच शाबूत असतो आणि पू कमी असतो. रक्ताच्या तपासणीनं फरक कळतो, म्हणून 'घरी जनावर गाभडलं होतं' ही गोष्ट डॉक्टरांना सांगितलीच पाहिजे. केंद्र सरकारच्या जनावरांच्या रोग नियंत्रण कार्यक्रमात २०१९ पासून चार ते आठ महिन्यांच्या मादी वासरांना ब्रुसेलाची लस दिली जाते. पशुवैद्यकीय दवाखान्यात त्याची चौकशी करावी.

दुसरं हायडॅटिड. कुत्र्याच्या पोटातल्या बारीक फीतकृमीची अंडी त्याच्या विष्ठेतून भाजीवर, पाण्यात, हातावर येतात. माणसात बहुधा काळीज किंवा फुप्फुसात पाण्याची गाठ होते. हाडात ती फार कमी वेळा उतरते आणि उतरली तर मणका ही तिची नेहमीची जागा. एमआरआयच्या टी-२ फोटोत एकाला एक लागून पांढऱ्या पाण्याच्या पिशव्या, द्राक्षाच्या घडासारख्या दिसतात. ही ओळख ऑपरेशनआधी होणं फार महत्त्वाचं असतं, कारण पिशवी आत फुटली तर आजार पसरतो. मेंढी-बकरं कापल्यावर काळजातल्या, फुप्फुसातल्या पाण्याच्या गाठी कुत्र्यापुढं टाकू नयेत, त्या पुरून किंवा जाळून टाकाव्यात.

रक्ताची गाठ : तासांचा हिशेब

हृदयाच्या आजारामुळं रक्त पातळ करणारी गोळी चालू असलेल्या माणसाला, कधी किरकोळ झटक्यानं तर कधी काहीच न होता, एपिड्युरल शिरांतून रक्तस्राव होतो. पाठीत किंवा मानेत अचानक चाकू खुपसल्यासारखी कळ येते आणि काही तासांत पाय लुळे पडतात. रक्त ताजं असताना टी-१ फोटोत ते मज्जारज्जूच्याच रंगाचं दिसतं, दिवस गेले की पांढरं होत जातं. त्यावरून रक्त किती जुनं आहे याचा अंदाज येतो. इथं ऑपरेशन जितकं लवकर, तितके पाय परत येण्याची आशा जास्त. पहिल्या आठ-बारा तासांचं मोल सगळ्यात मोठं. अशा रुग्णाला 'सकाळी बघू' म्हणून ठेवू नये आणि तो कोणती गोळी घेतो हे पहिल्याच वाक्यात सांगावं.

चरबी : 'लगेच फरक' देणाऱ्या गोळीची किंमत

एपिड्युरल जागेत चरबी असतेच. पण ती प्रमाणाबाहेर वाढली तर आवरण चारी बाजूंनी आवळलं जातं. याला 'एपिड्युरल लिपोमॅटोसिस' म्हणतात. त्याचं एक मोठं कारण म्हणजे महिनोन्‌महिने घेतलेलं स्टेरॉइड, दुसरं लठ्ठपणा. सांधेदुखी, दमा, अंगदुखीसाठी चिठ्ठीशिवाय मिळालेली, 'खाल्ली की लगेच बरं वाटतं' अशी बारीक गोळी किंवा नाव नसलेली पुडी अनेकदा स्टेरॉइडच असते. चेहरा गोल होणं, पोट सुटणं, कातडी पातळ होऊन लवकर काळी-निळी पडणं ही त्याची चिन्हं.

एमआरआय इथं जवळपास एका नजरेत निदान देतो. वाढलेला भाग टी-१ फोटोत पांढरा असतो आणि चरबी काळी करणाऱ्या फोटोत तो गायब होतो. उपचार म्हणजे डॉक्टरांच्या देखरेखीखाली स्टेरॉइड हळूहळू कमी करणं आणि वजन उतरवणं, दाब जास्त असेल तर ऑपरेशन. अशी गोळी स्वतःच्या मनानं एकदम बंद करणंही धोक्याचं असतं, कारण शरीरानं आपलं नैसर्गिक स्टेरॉइड बनवणं थांबवलेलं असतं.

गाठी आणि इतर कारणं

लिम्फोमा नावाचा कॅन्सर कधी-कधी थेट एपिड्युरल जागेत वाढतो. हाड फारसं न खाता तो अनेक मणक्यांच्या लांबीत पसरतो. स्टेरॉइडनं ही गाठ तात्पुरती वितळते आणि तुकडा तपासायला घेतला तरी निदान हाती लागत नाही. निदानाआधी घेतलेल्या स्टेरॉइडचा हा आणखी एक तोटा.

'अँजिओलिपोमा' ही चरबी आणि रक्तवाहिन्यांची साधी गाठ. ती बहुधा छातीच्या मागच्या मणक्यांत आणि बायकांमध्ये जास्त सापडते. कॅन्सर नसल्यानं ती काढली की रुग्ण बहुधा पूर्ण सुधारतो. नसेच्या आवरणाची गाठ मणक्यांच्या फटीतून अर्धी आत, अर्धी बाहेर वाढते, तेव्हा फोटोत व्यायामाच्या डंबेलसारखी दिसते. आवरणाला पडलेल्या बारीक छिद्रातून पाणी बाहेर येऊन फुगा झाला तर तो सगळ्या फोटोंत आतल्या पाण्याच्याच रंगाचा असतो.

थॅलेसेमियासारख्या आजारात रक्ताची कमतरता भरून काढण्यासाठी शरीर हाडाबाहेरही रक्त बनवायला लागतं. असा भाग मणक्याच्या नळीत वाढला तर तोही मज्जारज्जू दाबतो. लहानपणापासून रक्त चढवाव्या लागणाऱ्या रुग्णाचे पाय जड पडायला लागले तर हे कारण डोळ्यासमोर ठेवावं लागतं.

आणि उलटही घडतं. गादीचा तुकडा तुटून लांब सरकतो, त्याची कड औषधानं चमकते आणि तो गाठीसारखा वाटतो. म्हणजे कॅन्सरच्या भीतीनं हादरलेल्या घराला कधी-कधी 'ही गादीच आहे' अशी सुखाची बातमीही मिळते.

चुकीच्या जागेचा फोटो

एमआरआय काढूनही आजार सुटतो, याचं एक साधं कारण म्हणजे फोटो दुसऱ्याच जागेचा असतो. मोठ्या माणसात मज्जारज्जू कंबरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्यापाशीच संपतो. त्याखाली फक्त नसांचा झुबका असतो. पाय कडक होत असतील, चालताना अडखळत असतील, तर दाब बहुधा त्याच्या वर, पाठीत किंवा मानेत असतो. पण रुग्ण 'पाय चालत नाहीत, कंबर दुखते' म्हणतो आणि फोटो कंबरेचाच निघतो. त्यात थोडी झिजलेली गादी दिसते आणि सगळा दोष तिच्यावर जातो.

म्हणून दोन गोष्टी डॉक्टरांना आवर्जून सांगाव्यात. चालताना पायातली चप्पल निसटते आणि ते कळतही नाही, असं होतं का? छातीभोवती किंवा पोटाभोवती पट्टा आवळल्यासारखं वाटतं का? उत्तर 'हो' असेल तर कंबरेच्या वरचा फोटो गरजेचा असू शकतो.

दुसरी चूक याच्या विरुद्ध. रिपोर्टात 'डिस्क बल्ज' लिहिलं म्हणजे दुखण्याचं कारण सापडलंच, असं नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका आढाव्यात पाठ न दुखणाऱ्या ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र पाहिल्या गेल्या. विशीतल्या ३० टक्के आणि ऐंशीतल्या ८४ टक्के लोकांत गादी फुगलेली आढळली. त्या कुणालाही दुखत नव्हतं. म्हणून प्रत्येक पाठदुखीला एमआरआय लागत नाही आणि प्रत्येक 'बल्ज'ला ऑपरेशन लागत नाही.

तसंच एमआरआय जागा आणि दाब दाखवतो, पण जंतूचं नाव सांगत नाही. त्यासाठी पू किंवा तुकडा काढून तपासावा लागतो. टीबीसाठी सीबीनॅट तपासणीत काही तासांत जंतू आणि रिफाम्पिसिन हे मुख्य औषध लागू पडेल की नाही, दोन्ही कळतं.

ही लक्षणं दिसली तर थांबू नका

- लघवी अडणं, नकळत होणं किंवा संडासवर ताबा न राहणं
- बसण्याची जागा, जांघा, गुप्तांगाभोवती बधिरपणा
- एका किंवा दोन्ही पायांतली ताकद कमी होत जाणं
- पाठदुखीबरोबर ताप, विशेषतः मधुमेह असताना
- झोपूनही न थांबणारं, रात्री वाढणारं दुखणं
- वजन घटणं, पूर्वी कॅन्सर किंवा टीबी झालेला असणं
- रक्त पातळ करणारी गोळी चालू असताना अचानक आलेली कळ
- पाठीच्या मधोमध आलेला उंचवटा किंवा बोटानं दाबल्यावर एकाच मणक्यावर दुखणं

यातली पहिली तीन लक्षणं असतील तर त्याच दिवशी मोठं रुग्णालय गाठावं. अशा रुग्णाला चोळणं, पाठीवर पाय देणं, मणका 'बसवणं' पूर्ण टाळावं. टीबीनं पोकळ झालेलं हाड अशा झटक्यानं खचू शकतं.

वडवणीतून जायचं कुठं, खर्चाचं काय?

वडवणी तालुक्यातल्या बहुतेक रुग्णांना मणक्याच्या मोठ्या तपासणीसाठी बीडचं जिल्हा रुग्णालय, अंबाजोगाईचं स्वामी रामानंद तीर्थ ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय किंवा छत्रपती संभाजीनगरची घाटी हा रस्ता धरावा लागतो. रुग्ण उठू शकत नसेल तर १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका मागवावी. निघण्याआधी तिथं एमआरआय त्या दिवशी सुरू आहे का, हे फोनवर विचारलं तर एक खेप वाचते.

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेचा सुरुवातीचा टप्पा २०१२ मध्ये वेगळ्या नावानं सुरू झाला होता. आता तिच्यात रेशनकार्डधारक कुटुंबाला वर्षाला ५ लाख रुपयांपर्यंतचं संरक्षण आहे. बाहेरून स्वतः काढलेल्या एमआरआयचे पैसे सहसा मिळत नाहीत, पण योजनेतल्या रुग्णालयात दाखल होऊन मंजूर उपचार घेताना तपासण्यांचा खर्च पॅकेजमध्ये धरलेला असतो. म्हणून आधी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटावं. योजनेचा क्रमांक १५५३८८. रेशनकार्ड, आधारकार्ड, जुने फोटो, सगळ्या गोळ्यांची पाकिटं, अगदी नाव नसलेल्या पुड्याही, सोबत न्याव्यात.

मशीनमध्ये जाण्याआधी

चुंबक सतत चालू असतं, खोलीतला दिवा बंद असला तरी. जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतल्या एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन एमआरआयच्या खोलीत गेलेला रुग्णाचा तरुण नातेवाईक मशीनकडं ओढला गेला आणि त्याचा मृत्यू झाला. त्यामुळं कर्मचाऱ्यानं 'बाहेर थांबा' म्हटलं तर वाद घालू नये.

मंगळसूत्र, जोडवी, कडं, करदोटा, ताईत, हेअरपिन, साडीची सेफ्टी पिन, मोबाइल, एटीएम कार्ड, कंबरेचा पट्टा, सगळं बाहेर ठेवावं. पेसमेकर, डोक्यातली क्लिप, कानातलं बसवलेलं यंत्र, वेल्डिंग करताना डोळ्यात गेलेला लोखंडाचा कण, गरोदरपण आणि किडनीचा आजार हे आधी सांगावं. हाड जोडायला टाकलेली पट्टी किंवा रॉड बहुतेक वेळा चालतो, पण त्याची माहिती द्यावी. तपासणीला साधारण अर्धा तास लागतो. आत ठोकल्यासारखा मोठा आवाज येतो, दुखत काही नाही. हलल्यास फोटो बिघडतो. आत भीती वाटली तर हातात दिलेला रबरी फुगा दाबला की कर्मचारी लगेच येतात.

निदानानंतर

यातले बरेच आजार बरे होणारे आहेत. साध्या पुवाला किमान सहा आठवडे अँटिबायोटिक आणि दाब असेल तर ऑपरेशन लागतं. मणक्याच्या टीबीची औषधं साधारण १२ महिने, काहींना त्याहून जास्त चालतात आणि सरकारी केंद्रात मोफत मिळतात. उपचार सुरू असेपर्यंत निक्षय पोषण योजनेत नोव्हेंबर २०२४ पासून महिन्याला १,००० रुपये बँक खात्यात जमा होतात.

खरी अडचण दसरा-दिवाळीला येते. मुकादमाची उचल घेतलेली असते, गाडी भरते आणि औषधाचं पाकीट घरीच राहतं. अर्धवट सोडलेला टीबी परत उलटतो आणि पुढच्या वेळी नेहमीच्या गोळ्यांना दाद देईलच असं नाही. पण कारखान्यावर गेलं म्हणून औषध तुटायची गरज नाही. रुग्णाचा निक्षय क्रमांक देशभर चालतो. गाव सोडण्याआधी आरोग्य केंद्रात किंवा आशाताईंना कोणत्या कारखान्यावर, कोणत्या तालुक्यात जाणार हे सांगितलं की नाव तिकडच्या केंद्राकडं वर्ग करता येतं. टीबीच्या मदतीसाठी मोफत क्रमांक १८००-११-६६६६ आहे.

मणक्याच्या टीबीचे उपचार चालू असताना मोळी उचलायची की नाही, हे मात्र मुकादमानं किंवा घरच्यांनी ठरवू नये. नव्या फोटोत हाड कितपत भरलं ते पाहून डॉक्टर सांगतील, तोपर्यंत डोक्यावर ओझं घेऊ नये.